लारूच्या यादीत माझं नाव

आमचं सामान भरलेला ट्रक हेलमनच्या तिसऱ्या रस्त्याला वळला, तेव्हा आमच्या नव्या घराच्या अंगणात चौदा पुरुष उभे होते. मी नवऱ्याला म्हटलं, "लू, गाडी पुढे घे. इथे कुणीतरी गेलंय." लू म्हणाला, "अगं, घर आपलं आहे. आत मरायला आहे कोण?"

तेवढ्यात ते चौदा जण ट्रकवर तुटून पडले. कुणी नाव सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. पाऊण तासात पलंग, कपाटं, लूच्या मासेमारीच्या काठ्या, सगळं आत. मागून बायका आल्या आणि थेट स्वयंपाकघरात शिरल्या. फळ्या पुसून, कागद अंथरून त्यांनी माझ्या बशा लावल्यासुद्धा, त्याही माझ्यापेक्षा बऱ्या. माझ्या कॉफीच्या किटलीला मात्र कुणी हात लावला नाही. मेलेला उंदीर पडलेला असावा तसा सगळ्यांनी तिला वळसा घातला.

"सिस्टर स्टॅनिच, चमचे कुठे ठेवू?" एकीने विचारलं. मी दचकून मागे पाहिलं. आमच्या जुन्या गावात, ब्यूटमध्ये, सिस्टर म्हणजे काळा झगा घातलेली नन, आणि तिच्या हातात पट्टी. शाळेतली आठ वर्षं मी ती पट्टी खाल्लेली. इथे तर पोरं खेळवणारी, ओठ रंगवलेली प्रत्येक बाई सिस्टर आणि खुरपं घेऊन चाललेला प्रत्येक बाप्या ब्रदर.

याला आता तीस वर्षं होऊन गेली. मी अजूनही हेलमनमध्येच आहे, अजूनही कॅथलिक आहे आणि अजूनही सकाळी तीन कप कॉफी पिते. चारशे घरांच्या या गावात त्या वेळी मॉर्मन पंथाची नसलेली घरं तीन होती. एक आमचं, एक पशुवैद्याचं, आणि एक म्हातारा होता, तो कुणाचाच नव्हता. मॉन्टॅनात, ब्यूटच्या खाणीत लूला काम उरलं नाही, म्हणून डोंगरापलीकडच्या कोळशाच्या खाणीत नोकरी धरून आम्ही इथे आलो. लू बावन्न वर्षांचा, मी सत्तेचाळीसची. दोन पोरी लग्न होऊन गेलेल्या. म्हणजे नव्याने मैत्रिणी जोडायचं वय गेलेलं, आणि मला तशी हौसही नव्हती. नाकावर माशी बसू देत नाही, असं माझी आई माझ्याबद्दल कौतुकाने नाही, काळजीने म्हणायची.

तिसऱ्या दिवशी मोरी तुंबली. तेलकट कपड्यातला एक लांबलचक माणूस न बोलावता आला, ओट्याखाली पालथा झाला आणि नळीतून कुणाच्या तरी जुन्या काळातला कांद्याचा गोळा काढून, हात पुसून गेला. शेजारणीने निरोप दिला, रविवारी संध्याकाळी बिशप भेटायला येणार. बिशप! आमच्याकडे बिशप म्हणजे वर्षातून एकदा, गाडीतून, हातात अंगठी. मी दोन दिवस घर घासलं. लूला सूट घालायला लावला. टेबलावर इस्त्री केलेला कपडा, त्यावर माझ्या लग्नातले पेले आणि लाल वाइनची बाटली. सात वाजता दार वाजलं. बाहेर तोच मोरीवाला, हातात रुबार्बच्या आंबट देठांची जुडी.

"या या," मी म्हटलं, "पण आज जरा गडबड आहे हो. बिशप यायचे आहेत."

"आलो की," तो म्हणाला.

त्याचं नाव थेन. आठवडाभर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि रविवारी गावाचा बिशप असायचा, पगार शून्य. त्यांच्यात वाइनला कुणी शिवत नाही, हे मला तेव्हा कुठे ठाऊक! त्याने टेबलाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाटली छान आहे." लू इतका हसला की त्याला खोकला लागला. त्या दिवसापासून लूचं आणि गावाचं जमलं. पुढच्याच आठवड्यात त्याला चर्चच्या सॉफ्टबॉलच्या संघात घेतलं. चेंडू लांब मारणाऱ्याचा धर्म कोण विचारतो!

माझं जमायला मात्र लारू यावी लागली.

लारू ऑलरेड आमच्या समोरच राहायची. एकसष्ट वर्षांची, विधवा, ठेंगणी, आणि चालायची अशी, जणू घरी दूध उतू चाललंय. मे महिन्यात, आम्ही आल्यानंतर दहाएक दिवसांनी, ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. हातात हिरवी जेली, आत किसलेलं गाजर. मी ते पाहून विचारलं, "हे जेवणात खायचं की जेवणानंतर?" ती म्हणाली, "आम्हालाही कधी कळलेलं नाही. पण आईच्या वेळेपासून करतो."

मला बाई तिथेच आवडली.

आधी ती महिन्यातून एकदा आली. मग दोनदा. मग हिवाळ्यात मला फ्लू झाला, तर नऊ दिवस रोज सूप. मग दिवस मोजायचं कारणच उरलं नाही. ती माझ्या टेबलाशी बसायची, मी कॉफी ओतायचे, आणि ती स्वतःच्या कपात गहू भाजून केलेली ती तपकिरी पूड ढवळायची. त्यांच्यात कॉफी बसत नाही. पण मी किटली उचलली की लारू हळूच पुढे झुकायची आणि डोळे मिटून वास घ्यायची.

"अगं, चालतं का हे?" मी एकदा विचारलं.

"पिऊ नका म्हटलंय," ती म्हणाली. "वासाबद्दल कुठेही अक्षर नाही. मी शोधून पाहिलंय."

दुसऱ्याच भेटीत तिने मला त्यांचं धर्मपुस्तक आणून दिलं होतं. मी ते आईच्या जपमाळेशेजारी ठेवलं आणि स्पष्ट सांगितलं, तू मला तुझ्या प्रेषिताचं सांगू नकोस, मी तुला मेरीमातेचं सांगणार नाही. ती म्हणाली, "बरं. मग तुझ्या नणंदेचं सांग." त्यावर आमचे पुढचे चार महिने गेले.

तिनेच मला पाणी धरायला शिकवलं. इथे पाऊस नावापुरता, सगळं डोंगरातल्या पाटावर. प्रत्येक घराला आठवड्यातून एक पाळी. आमची मंगळवारी सकाळी सहाला, पन्नास मिनिटं, आणि आमच्यानंतर लगेच लारूची. पहिल्या मंगळवारी मी बागेचं दारं धरायला उभी राहिले सपाता घालून. लारूने गुडघ्याएवढे रबरी बूट घातलेले, खांद्यावर फावडं. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "नाचायला चाललीस का?" त्या दिवशी माझी एक सपात वाहत तिच्या मक्यात गेली.

हे सगळं सांगते ते एवढ्यासाठी, की दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत मला मनापासून वाटायला लागलं होतं की या वयात मला मैत्रीण मिळाली. ब्यूट सोडल्याचं दुःख उरलं नव्हतं. लूला मी तसं बोलूनही दाखवलं, आणि मी लूला सहसा त्याच्या फायद्याचं काही बोलून दाखवत नाही.

एकतीस ऑगस्ट. लारूच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी पीच बरण्यांत भरत होतो. तिच्याकडे बरण्यांचं वेडच. तळघरात दोन वर्षांचं अन्न, गव्हाचे डबे तर इतके की त्यांचीच स्टुलं करून आम्ही बसलो होतो. पातेलं उकळतंय, खिडक्या वाफेने आंधळ्या, लारूचे दोन्ही हात कोपरापर्यंत पाकात. फोन वाजला.

"घे गं जरा," ती म्हणाली.

मी फोन कानाला लावते न लावते तोच पलीकडून सुरू झालं. नेड्रा क्रिस्टनसन, चर्चच्या बायकांच्या मंडळाची चिटणीस. जरा कमी ऐकू येणारी, त्यामुळे ओरडून बोलणारी.

"लारू, आज एकतीस. झालं का गं तुझं आयरीनचं? सगळ्यांचे रकाने भरले, तुझाच एक रिकामा दिसतोय. लावू का टिक?"

आयरीन म्हणजे मीच.

"अगं, ऐकू येतंय का? दिवसभर सगळ्यांना फोन करतेय मी. या महिन्यात गेली होतीस की नाही स्टॅनिचबाईकडे?"

"गेले होते," मी म्हटलं.

"मग लावते टिक. आणि काय म्हणते ती? काही फरक?"

"नाही," मी म्हटलं. "आहे तशीच आहे."

फोन ठेवला. लारूने वर न बघता विचारलं, "कोण होतं?"

"नेड्रा. तुझं माझं झालं का, विचारत होती."

लारूच्या हातातलं पीच पातेल्यात पडलं. मान, कान, चेहरा, सगळं लाल. "आयरीन, तसं नाही गं ते..."

"झालं म्हणून सांगितलंय," मी म्हटलं. "टिक लागली तुला. काळजी करू नकोस."

मी हात पुसले आणि रस्ता ओलांडून घरी आले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. आल्या आल्या कॉफी टाकली आणि ती कडू जहर होईपर्यंत तशीच उकळू दिली. सोळा महिने! नऊ दिवसांचं सूप, नणंदेच्या गोष्टी, वास घेणं, हसणं, ते सगळं चर्चच्या मंडळाने महिन्याला एक भेट म्हणून वाटून दिलेलं काम होतं. वहीत माझ्या नावासमोर रकाना होता. मी जिला मैत्रीण समजत होते, ती हजेरी लावत होती, आणि वर मी सुधारतेय का याची चौकशी!

लू घरी आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो बूट काढता काढता ऐकत होता.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय मग? मी तिला नेमून दिलेली होते, लू."

"मला खाणीत जोडीदार फोरमनने नेमून दिला होता. एकवीस वर्षं काढली आम्ही. तो गेला तेव्हा चार दिवस मला घास गेला नव्हता, तूच बघितलंस."

"खाणीतलं वेगळं."

"असेल," लू म्हणाला, आणि मोजे शोधायला गेला. नवऱ्यांचं हेच असतं. बरोबर बोलतात आणि पळून जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी लारू दाराशी आली. मी दार उघडलं, पण जाळीचं उघडलं नाही. "सप्टेंबरची पहिली तारीख," मी म्हटलं. "लवकर आलीस. अजून तीस दिवस आहेत." ती काहीतरी बोलायला गेली. मी लाकडी दारही लावलं. नंतर खिडकीतून पाहिलं, तर ती थोडा वेळ तशीच उभी होती आणि मग निघून गेली. तिच्या चालण्यातली ती घाई नव्हती.

एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली! तडक थेनच्या गॅरेजमध्ये गेले. बिशपमहाराज एका ट्रॅक्टरच्या पोटात होते, बाहेर नुसते पाय.

"बिशप, माझं नाव काढा," मी पायांना सांगितलं.

"कशातून?"

"बायकांच्या यादीतून. कुणी कुणाच्या घरी जायचं, त्यातून."

तो सरकत बाहेर आला. "कुणी वाईट बोललं का?"

"नाही. चांगलं बोललं. तेच मला नको आहे."

थेनने डोकं खाजवलं, त्यामुळे कपाळावर ग्रीसचा पट्टा उमटला. "सिस्टर स्टॅनिच, माझ्याकडे रोज माणसं येतात, आमच्याकडे कुणी फिरकत नाही म्हणून रडतात. कुणी येतं म्हणून तक्रार घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच."

"काढताय की नाही?"

त्याने भिंतीवरून वही काढली, कानामागची पेन्सिल घेतली आणि माझ्या नावावर रेघ मारली. मला दाखवली. "झालं. आजपासून तुमच्याकडे यायला हेलमनमधलं कुणीही बांधील नाही. तसं मी लारूलाही सांगतो."

"सांगा," मी म्हटलं.

घरी आल्यावर मी लूला माझा बेत सांगितला. आता यादी नाही, टिक नाही. आता लारू आली, तर ती आपल्या मनाने आली. पहिला बर्फ पडायच्या आत आली, तर आपण इथे राहायचं. नाही आली, तर ब्यूटला माझ्या बहिणीचा वरचा मजला रिकामा आहे, तिथे जायचं. सोळा महिने जिने टिकसाठी काढले, तिच्या समोरच्या घरात मी म्हातारी होणार नाही.

लूचा संघ त्या वर्षी खोऱ्यात पहिला येण्याच्या बेतात होता. इथल्या कोरड्या हवेत त्याचा खोकलाही कमी झाला होता. "तू म्हणशील तसं," तो म्हणाला. हे तो तेव्हाच म्हणतो, जेव्हा त्याला तसं मुळीच नको असतं.

आणि मग मी वाट बघायला लागले.

पहिला आठवडा गेला. लारू आली नाही. मी मुद्दाम अंगणात कपडे वाळत घातले, धुतलेलेच पुन्हा धुऊन घातले. नाही आली. मंगळवारी मात्र गाठ पडणं भागच होतं, कारण माझी पाळी संपली की पाणी तिच्याकडे वळायचं. सहा पन्नासला ती बूट घालून पाटाशी आली. मी माझी पाणी अडवायची फळी टाकली, तिने तिची उचलली.

"पाणी कमी आहे आज," ती म्हणाली.

"आहे," मी म्हटलं.

एवढंच. पाणी तिच्या वाफ्यांत शिरलं आणि मी घरी आले. लूने विचारलं, "बोललात?" मी म्हटलं, "हो. पाण्यावर." दुसऱ्या मंगळवारी तेवढंही नाही. तिने मान हलवली, मी मान हलवली. दोघी म्हाताऱ्या बायका, हातात फावडी, मधे दोन फुटांचा पाट, आणि कुणीच तो ओलांडेना.

घरी मी लूच्या अंगावर ओरडू लागले. मीठ जास्त, रेडिओ मोठा, बूट दारात. एक दिवस तो म्हणाला, "तिला येऊ नको म्हणून सांगितलंस, लेखी सांगितलंस, बिशपच्या हाताने सांगितलंस. आता ती येत नाही म्हणून माझा जीव खातेस. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नक्की हवंय काय तुला?"

"तिने आपणहून यायला हवंय," मी म्हटलं.

"आणि तू?"

"मी काय?"

"तू कधी गेली होतीस तिच्याकडे आपणहून?"

मी म्हटलं, शंभरदा. आणि मग ओट्याशी उभी राहून एकेक आठवायला लागले. पीच भरायला गेले होते, तिने बोलावलं होतं. नाताळला गेले होते, तिने बोलावलं होतं. तिच्या नवऱ्याच्या थडग्यावर फुलं ठेवायला बरोबर गेले होते, तीच न्यायला आली होती. मी रस्ता ओलांडला होता तो प्रत्येक वेळी तिने हात केल्यावर. ती सूप घेऊन आली, मी प्यायले. ती बसली, मी बोलले. सोळा महिने मी दार उघडण्यापलीकडे काही केलं नव्हतं. मला लाज वाटली. खोटं कशाला सांगू, राग त्याहून जास्त आला, आणि तोही लूचाच.

तिसऱ्या मंगळवारी पाटावर लारू नव्हतीच. तिच्या जागी फावडं घेऊन थेन उभा होता.

"ती कुठेय?" मी विचारलं.

"पायऱ्यांवरून पडली परवा. गुडघा भोपळ्याएवढा झालाय. डॉक्टर म्हणतो, महिनाभर हलायचं नाही."

"मग तिच्याकडे कोण जातं?"

"आहेत की नेमलेल्या दोघी."

"जातात का पण?"

थेनने पाण्याकडे पाहिलं. भला माणूस, खोटं बोलता येत नाही. "जातात," तो म्हणाला. "तीस तारखेला."

मी घरी आले आणि कणीक भिजवायला घेतली. माझी आई क्रोएशियातून येताना दोन गोष्टी घेऊन आली होती, एक जपमाळ आणि दुसरा अक्रोडाचा गोड पाव. तो करायचा म्हणजे अख्खा दिवस जातो. कणीक टेबलभर ताणायची, इतकी पातळ की खालच्या कपड्याची फुलं दिसली पाहिजेत, मग अक्रोड, मध, दालचिनी पसरून गुंडाळायची. दोनदा फाटली. दोनदा शिव्या घातल्या. खाणीवरून आलेल्या लूने वास घेतला आणि विचारलं, "हे कुणासाठी?"

"तुझ्यासाठी नाही."

"वाटलंच," तो म्हणाला, आणि मुकाट्याने माझ्यासाठी दार उघडून धरलं.

संध्याकाळचे पाच वाजले असतील. मी रस्ता ओलांडला. परके लोक इथे पुढच्या दाराने जातात, ओळखीचे मागच्या. मी मागे गेले, स्वयंपाकघराच्या दारावर वाजवलं. सत्तेचाळीसची होऊन गेलेली बाई, खाणकामगारांच्या वस्तीत दारुड्यांना हाकलून वाढलेली, आणि एका लंगड्या म्हातारीच्या दाराशी पाव या हातातून त्या हातात करत उभी होते. मी केलं तेच तिनेही केलं तर? जाळीमागून बघून दार लावून घेतलं तर?

"उघडंच आहे," आतून आवाज आला.

लारू खुर्चीत बसली होती. सुजलेला पाय गव्हाच्या डब्यावर, खाली उशी. केस विंचरलेले नव्हते. ओट्यावर दोन दिवसांची भांडी. मला बघून ती घाईघाईने झग्याची बटणं लावायला लागली.

"तुला कुणी पाठवलं?" तिने विचारलं. "थेनने?"

"नाही."

"मग नेड्राने?"

"नेड्राला मीच एक दिवस पाठवणार आहे, कुठे ते सांगत नाही."

ती हसली नाही. "मग लूने?"

"लू काय पाठवतोय मला!"

"मग कुणी?"

"कुणी नाही गं," मी म्हटलं. "यावंसं वाटलं, आले. राहवेना."

पाव मी टेबलावर ठेवला. लारू त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हाताने तोंड झाकलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, गुडघा दुखतोय. मी पाणी आणायला वळले, तर तिने माझा झगा धरला.

"तू मला नेमून दिलेली होतीस, हे खरं आहे," ती म्हणाली. "तुझं नाव हातात आलं तेव्हा मी गाडीत बसून रडले होते. तुझी भीती वाटायची. तुझ्या घरी सिगारेटचा वास, आणि तुझं ते बघणं. महिन्याला एक भेट, पंधरा मिनिटं, एवढंच सांगितलेलं. मग भीती कधी गेली, कळलंच नाही. थेन म्हणाला, तिला कुणी यायला नकोय. मी आपली सांगितलेलं ऐकणारी बाई. गप्प बसले."

"मी मूर्ख आहे, लारू."

"थांब, मला बोलू दे. या घरात मी एक्केचाळीस वर्षं आहे. माझा व्हर्ल गेला तेव्हा लोकांनी आणलेल्या जेवणाला या टेबलावर जागा पुरत नव्हती. सगळं गाव आलं. चांगली आहेत गं सगळी, माझी तक्रार नाही. मीही त्यांच्याकडे तशीच जाते. पण दार वाजलं की माझ्या मनात पहिला विचार येतो तो हा, की आज तारीख काय. परगावच्या माझ्या मुलाखालोखाल ज्या बायकांना मी जवळचं मानते, त्यांच्याबद्दलही. एक्केचाळीस वर्षांत, आयरीन, या दारातून यादीशिवाय आत आलेली तू पहिली."

सोळा महिने मी समजत होते की या गावात परकी अशी मी एकटीच. मी भांड्यांकडे वळले, नळ सोडला आणि रडू येऊ नये म्हणून एक परात उगाच तीनदा घासली. मागून सुरीचा आवाज आला. लारूने पावाचा काप काढला होता आणि तोंड भरून खात होती, डोळ्यांतलं पाणी न पुसताच.

"आयरीन," ती भरल्या तोंडाने म्हणाली, "आज तारीख काय गं?"

मी आठवून पाहिलं. खरंच आठवेना.

"माहीत नाही," मी म्हटलं.